मदत हवी आहे: एक्सेलच्या मास्टरमधून बिलावर चुकीचा जीएसटी दर येतोय

नमस्कार मंडळी,

सांगलीत किराणा मालाच्या एका एजन्सीत मी बिलिंग आणि हिशेब बघते. बिलं एक्सेलमध्ये निघतात, आवृत्ती २०१६ ची. एका शीटवर 'मास्टर' आहे: एचएसएन (जीएसटीसाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक), मालाचं नाव, जीएसटी दर. बिलात एचएसएन टाकला की व्हीलुकअप (यादीत जुळती ओळ शोधणारा फॉर्म्युला) तिथून दर उचलतो. उलाढाल पाच कोटींच्या आत आहे, त्यामुळे आम्ही चारच अंकी एचएसएन लावतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, तेव्हा आदल्या रात्री बसून मी मास्टरमधले आकडे बदलले. तूप १२ चं ५, बिस्किटं १८ ची ५, असं एकेक. तेव्हापासून तीन ठिकाणी अडलेय.

तूप (०४०५) आणि हळद (०९१०) टाकली की 'एन/ए', म्हणजे सापडलं नाही, असं येतं. मास्टरमध्ये दोन्ही आहेत, डोळ्यांना दिसतात.

दुसरं जास्त गंभीर आहे. माउथवॉश चार दिवस ५ टक्क्यांनी गेला. टूथपेस्ट ५ वर आली, माउथवॉश १८ वरच राहिला, आणि दोघांचा एचएसएन ३३०६. दुकानदारांकडे फरक मागायला मलाच जावं लागलं. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं आहेत, फार वाईट वाटलं.

तिसरं म्हणजे, ऑगस्टमध्ये विकलेली बिस्किटं एका दुकानदाराने ऑक्टोबरात परत केली. क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद) मूळ बिलाच्याच दराने, म्हणजे १८ ने काढायची, असं आमच्या सीएंनी सांगितलंय. पण मास्टरमधला १८ मीच पुसलाय. त्याहून धास्ती याची, की ऑगस्टच्या बिलाची फाइल उघडली तर तिथेही आता ५ दिसतंय! छापील प्रती आहेत म्हणून निभावलं.

मास्टर नव्याने मांडायचा असेल तरी चालेल, साधारण साडेआठशे आयटम आहेत. कसा मांडू?

प्रतिसाद १

ताई, तूप-हळदीचं आधी सांगतो. साध्या सेलमध्ये ०४०५ टाइप केलं की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचं शून्य खातं, उरतं ४०५. तुमच्या एका शीटवर तो कॉलम टेक्स्ट असणार आणि दुसऱ्या शीटवर संख्या. व्हीलुकअपला हे दोन वेगळे वाटतात. दोन्हीकडचा कॉलम निवडून फॉरमॅट टेक्स्ट करा, पण नुसता फॉरमॅट बदलून आधी भरलेले आकडे सुधारत नाहीत. शून्याने सुरू होणारे कोड पुन्हा टाइप करा, बाकीच्यांसाठी 'टेक्स्ट टू कॉलम्स' वापरून शेवटच्या पायरीवर टेक्स्ट निवडा. कंपनीकडून सीएसव्ही फाइल येत असेल तर ती डबल क्लिकने उघडू नका, तिथेही शून्य जातं. डेटा मेनूतून आयात करा आणि कॉलमचा प्रकार टेक्स्ट ठेवा.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, पण मूळ दुखणं एचएसएन हीच किल्ली मानण्यात आहे. चार अंकी एचएसएन म्हणजे मालाचा गट, त्यावरून दर ठरत नाही. १९०५ घ्या. २२ सप्टेंबरच्या आधीसुद्धा त्यातच ब्रेड शून्य टक्के, टोस्ट ५ आणि बिस्किटं १८ होती. ३४०१ मध्ये अंगाच्या साबणाची वडी आता ५, लिक्विड हँडवॉश १८. व्हीलुकअप वरून खाली बघत येतं आणि पहिली ओळ जुळली की थांबतं. माउथवॉशला टूथपेस्टचा दर लागला तो असा.

प्रत्येक आयटमला स्वतःचा कोड द्या आणि तो अक्षराने सुरू करा, म्हणजे शून्याची भानगडच मिटेल. एचएसएन हा त्या कोडसमोरचा एक रकाना, बिलावर छापण्यापुरता.

आणि व्हीलुकअपच्या शेवटी 'फॉल्स' लिहिलंय ना, ते बघा. ते सोडलं तर एक्सेल अंदाजे जुळणी करतं. यादी क्रमाने लावलेली नसेल तर भलताच दर येतो आणि एररही दिसत नाही. एन/ए परवडला, तो निदान दिसतो.

प्रतिसाद ३

तारखेचं मी सांगते, आमच्याकडे असंच केलंय. जुना दर कधीच पुसायचा नाही. दरांचं वेगळं शीट करा: आयटम कोड, पासून, पर्यंत, दर. बिस्किटाच्या दोन ओळी होतील. पहिली २१-९-२०२५ ला संपते, दर १८. दुसरी २२-९-२०२५ ला सुरू होते, दर ५, आणि 'पर्यंत'मध्ये लांबची कुठलीही तारीख. मग समइफ्स, म्हणजे अटींत बसणाऱ्या ओळींची बेरीज देणारा फॉर्म्युला: कोड तोच, 'पासून' बिलाच्या तारखेइतकी किंवा आधीची, 'पर्यंत' त्या तारखेइतकी किंवा नंतरची. २०१६ च्या आवृत्तीत एक्सलुकअप (व्हीलुकअपचा नवा भाऊ) मिळणार नाही, समइफ्स चालतं. क्रेडिट नोटेवर मूळ बिलाच्या तारखेचा रकाना ठेवा आणि दर त्या तारखेने शोधा.

समइफ्स वापरताना एक मात्र सांभाळा. ओळ सापडली नाही तर ते शून्य देतं, आणि शून्य हा खरा दरही आहे. एकाच काळाच्या दोन ओळी पडल्या तर बेरीज करतं, ५ आणि ५ दहा. म्हणून शेजारी काउंटइफ्स (जुळलेल्या ओळी मोजणारा फॉर्म्युला) लावा, त्याच अटींनी. उत्तर १ नसेल तर सेल लाल. लाल असताना बिल छापायचं नाही.

आणि बिल पक्कं झालं की सगळं कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज करा. फॉर्म्युला जिवंत ठेवला तर मास्टरला हात लागला की जुनी बिलं हलतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. तीन रात्री लागल्या, पण साडेआठशे आयटमना कोड दिले आणि दरांचं शीट वेगळं केलं. काउंटइफ्सने अकरा आयटम लाल दाखवले. त्यातल्या आठ जणांच्या दोन-दोन ओळी होत्या, शाम्पूच्या एका पुडीवर खरंच १० टक्के येत होते. तिघांची ओळच नव्हती, त्यांना शून्य लागलं असतं आणि मला कळलंही नसतं.

बिस्किटांची क्रेडिट नोट आज १८ ने निघाली. जुन्या फाइलींमध्येही तारखेप्रमाणे दर परत आले. छापील प्रतींशी ताळा घालून व्हॅल्यूज करतेय, ऑगस्ट पूर्ण जुळला. सप्टेंबर आज रात्री घेते.