दुसरा कुत्रा दिसला की आमचा मोती आवरत नाही, मदत हवी आहे
आमचा मोती १४ महिन्यांचा आहे. घरात अगदी शहाणा, पण फिरायला नेलं आणि दुसरा कुत्रा दिसला की सगळं विसरतो. आधी कान ताठ होतात, तोंड मिटतं, नजर खिळते आणि पुढच्याच क्षणी हिसका देऊन भुंकायला लागतो. चावायला जात नाही, त्याला खेळायचं असतं. माणसांच्या तर थेट अंगावर उड्या मारतो. काल एक आजी पडता पडता वाचल्या, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

गळपट्टा काढून छातीचा हार्नेस घेतलाय. साधारण ३० पावलांवर कुत्रा दिसला की मोती भुंकायच्या आत त्याला खाऊ देते. तेवढ्या अंतरावर तो माझ्याकडे वळून बघतो, खाऊ घेतो. १५ पावलांवर मात्र आवडता खाऊ नाकाशी धरला तरी वासही घेत नाही. मध्ये एकदोनदा ओरडले, ते चुकलंच; तो आणखी चेकाळला. हल्ली समोरून कुत्रा येताना माझाच हात नकळत दोरी आवळतो, तो ताण त्यालाही जाणवत असणार.

हे अंतर कमी कधी आणि कितीने करायचं? वळणावर अचानक कुत्रा समोर आला तर तुम्ही काय करता? आणि तो उड्या मारत असताना "असू दे, असू दे" म्हणत त्याला कुरवाळणाऱ्या पाहुण्यांना कसं समजावता? मारण्याचे किंवा काटेरी पट्ट्याचे उपाय कृपया सुचवू नका, ते मी करणार नाही.