अनुभव हवेत: फायनान्स, मार्केटिंग की अकाउंटिंग?

धाकट्या भावाला बिझनेसच्या पदवीत मुख्य विषय निवडायचा आहे. मन रमतं मार्केटिंगमध्ये, पण 'पैसा फायनान्समध्येच' असं जो तो सांगतोय. तुम्ही काय घेतलंत? रोजचं काम कसं निघालं? नुसता पगार नको, तो कसा वाढत गेला तेही लिहा.

*

अकाउंटिंग. डोक्यावर शैक्षणिक कर्ज होतं, आवडीचा प्रश्नच नव्हता. ताळा जुळला की बरं वाटायचं, एवढंच. इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीने १४९४ साली छापलेलं दुहेरी नोंदीचं तत्त्व (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायचा) आजही चालतं, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही. ऑडिटचा हंगाम मात्र पिळून काढतो. सुरुवातीचा पगार बेताचा. व्यावसायिक परीक्षा पास झाल्यावर खरी उडी.

*

फायनान्स म्हणजे एकच नोकरी नव्हे हो! ज्या आकड्यांनी लोकांचे डोळे दिपतात ते इन्व्हेस्टमेंट बँकिंगचे, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारून देणं, विलीनीकरणं जुळवणं अशा कामाचे. तिथे जागा मोजक्या आणि मध्यरात्रीही प्रेझेंटेशनमधल्या रेघा सरळ करत बसायचं. मी एका कंपनीच्या बजेट टीममध्ये आहे. पगार चांगला, पण तो दिपवणारा नव्हे. सीएफए या गुंतवणूक-विश्लेषणाच्या परीक्षेच्या तिन्ही पातळ्या नोकरी सांभाळून दिल्या. विषय आवडत नसता तर पहिलीतच सोडून दिलं असतं. भावाला एवढंच विचारा: कुणी न सांगता एखाद्या कंपनीचा ताळेबंद उघडून बघावासा वाटतो का?

*

मार्केटिंगवाली बोलतेय. जाहिरात सुचणं हा कामाचा अगदी छोटा तुकडा. बाकी दिवस जातो एक ग्राहक मिळवायला खर्च किती आला, तो टिकला किती, हे तपासण्यात. गणित चुकवायला इकडे येणाऱ्यांची मला गंमत वाटते. संख्याशास्त्राचे पेपर घेतले होते म्हणून माझा पगार वाढला, ब्रँडिंगच्या पेपरांमुळे नाही. आणि विक्री विसरू नका. माझा एक वर्गमित्र कमिशनवर फायनान्सवाल्यांना मागे टाकतो. तिमाही कोरडी गेली की मात्र फोन उचलत नाही.

*

एचआर. पगार कमी, खरंय. पण वेतनरचना ठरवणाऱ्या टीममध्ये गेले आणि चित्र पालटलं. तिथेही एक्सेलच!

*

सगळ्यांचे आभार. भाऊ आता मार्केटिंगसोबत डेटा अ‍ॅनालिटिक्स घेता येतं का बघतोय. सप्लाय चेनवालं कुणी आहे का इथे? त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.