मदत हवी आहे : मोहंड परिसरातील प्रवाहांचा तीव्र उतार उत्थानामुळे की खडकामुळे?

डेहराडूनच्या दक्षिणेस शिवालिक टेकड्यांची जी मोहंड अपनती (खडकांच्या थरांची कमानीसारखी वर उचललेली घडी) आहे, तिच्यावरील लहान प्रवाहांच्या उतारांचा मी अभ्यास करीत आहे. हिमालयन फ्रंटल थ्रस्ट या प्रस्तरभंगावर ही अपनती आजही उचलली जात असून, नद्यांनी खडकात कोरलेल्या आणि आता पात्राच्या बऱ्याच वर राहिलेल्या पायऱ्या त्याची साक्ष देतात.

३० मीटरच्या एसआरटीएम (अवकाशातून रडारने मोजलेल्या) उंची-प्रतिमानावरून मी क्यूजीआयएस या नकाशा-संगणकप्रणालीत प्रवाहजाळे काढले, वक्रतेचा निर्देशांक (पाणलोट वाढत जाताना उतार किती झपाट्याने कमी होतो ते) 0.45 धरून प्रत्येक प्रवाहाचा उतार-निर्देशांक (पाणलोटाच्या आकाराचा परिणाम वगळून उरणारी उताराची तीव्रता) मोजला आणि उताराचे एकाएकी बदल, म्हणजे निकपॉइंट, नकाशावर मांडले. अडचण अशी की, निर्देशांक जेथे बदलतो तेथेच अनेकदा मध्य शिवालिक थरांचा वालुकाश्म संपून ऊर्ध्व शिवालिक थरांचा गोटेमिश्रित पिंडाश्म सुरू होतो. शिवाय हे ‘राव’ (येथील हंगामी प्रवाह) वर्षातील बहुतेक काळ कोरडे असतात आणि पावसाळ्यात प्रचंड गाळ वाहून आणतात, त्यामुळे केवळ खडक कापणाऱ्या प्रवाहांसाठी मांडलेले समीकरण येथे कितपत लागू पडते, हीही शंका आहेच. वक्रता 0.40 ते 0.50 बदलून पाहिली. चित्र फारसे पालटले नाही.

पायऱ्यांचे वय ठरवणाऱ्या कालमापनासाठी निधी नाही. प्रत्यक्ष पाहणीस हिवाळ्यातील आठच दिवस मिळतील. अशा स्थितीत खडकाच्या कठीणपणाचा परिणाम उत्थानापासून वेगळा करण्यासाठी श्मिट हॅमर या, खडकावर आपटून त्याचा कठीणपणा मोजणाऱ्या उपकरणाच्या नोंदी पुरेशा ठरतील, की एकाच खडकातून वाहणाऱ्या प्रवाहांचीच तुलना करावी?