दमास्कसमधला छळ, कोब्लेंझमधली शिक्षा: परक्या देशाच्या कोर्टाला हा अधिकार असावा का?

पाणंद (धागा):
१३ जानेवारी २०२२ रोजी जर्मनीतल्या कोब्लेंझच्या कोर्टाने सीरियाचा माजी कर्नल अन्वर रसलान याला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप ठोठावली. दमास्कसच्या अल-खतीब कोठडीत तो चौकशी विभागाचा प्रमुख होता. निदान ४,००० कैद्यांचा छळ आणि २७ खून त्याच्यावर शाबीत झाले. गुन्हा सीरियात घडला, आरोपीही सीरियाचा. जर्मनीच्या २००२ च्या कायद्यानुसार अशा गुन्ह्यांचा जर्मनीशी काही संबंध असावाच लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक देशाने असा कायदा करावा आणि तो वापरावा. सीरिया आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नव्हता. मे २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेत सीरियाचं प्रकरण तिथे पाठवण्याचा ठराव आला, १३ मतं पडली, पण रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. मग छळ सोसलेल्यांनी दाद मागायची कुणाकडे?

आणि माणसं समोरासमोर येतात हो! अन्वर अल-बुन्नी या वकिलाला २००६ मध्ये दमास्कसमध्ये रसलाननेच अटक केली होती. २०१४ मध्ये तोच माणूस त्यांना बर्लिनच्या निर्वासित छावणीच्या आवारात दिसला, दोघेही आश्रयाला आलेले. पुढे रसलान स्वतः पोलिसांत गेला, सीरियाचे हेर माझ्या पाळतीवर आहेत म्हणून. तिथे त्याने आपली जुनी नोकरी सांगितली. छळणारा संरक्षण मागायला त्याच देशात येतो आणि त्या देशाने गप्प बसायचं, हे मला पटत नाही.

कातळ:
कोठडीतल्या कर्नलला शिक्षा झाली, चांगलंच झालं. पण 'प्रत्येक देशाने' म्हणताना बेल्जियमचं काय झालं ते आठवा. १९९३ चा त्यांचा असाच कायदा सगळ्यांत व्यापक होता. २००३ मध्ये १९९१ च्या आखाती युद्धातल्या बॉम्बफेकीवरून थोरल्या बुशविरुद्ध तक्रार गेली, तेव्हा अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी ब्रुसेल्समधल्या नाटोच्या नव्या मुख्यालयाचा पैसा रोखण्याची धमकी दिली. दोन महिन्यांत तो कायदा गुंडाळला गेला. स्पेननेही २००९ आणि २०१४ मध्ये आपला कायदा आवळला. बळी तो कान पिळी. ज्याच्यामागे कुणी उभं नाही तोच पकडला जाणार असेल, तर त्याला न्याय कसं म्हणायचं?

दीपमाळ:
@कातळ, सगळे सापडत नाहीत म्हणून सापडलेल्याला सोडायचं का? चोरीच्या खटल्यात हा युक्तिवाद कुणी ऐकून घेईल?

कातळ:
चोरीच्या खटल्यात सरकार शिक्षा झालेला चोर दुसऱ्या सरकारला देऊन टाकत नाही. इराणच्या तुरुंगातला अधिकारी हमीद नूरी याची केस बघा. १९८८ मध्ये इराणने हजारो राजकीय कैदी मारले. कराजजवळच्या गोहरदश्त तुरुंगात डोळ्यांना पट्टी बांधून कैद्यांना एका बोळात बसवून ठेवत, एकेकाला समितीपुढे नेत, दोन-चार प्रश्न विचारत आणि तिथून थेट फासाकडे. वाचलेल्यांनी हे सगळं स्टॉकहोमच्या कोर्टात सांगितलं. काही साक्षीदार अल्बेनियात होते, तर कोर्ट उठून तिथे गेलं. जुलै २०२२ मध्ये नूरीला जन्मठेप झाली, अपिलातही टिकली. आणि १५ जून २०२४ ला स्वीडनने इराणच्या कैदेतल्या आपल्या दोन नागरिकांच्या बदल्यात त्याला सोडून दिलं. ज्यांनी ३० वर्षांनी तोंड उघडलं, त्यांना कुणी विचारलं? राष्ट्रीय कोर्टाच्या मागे राष्ट्रीय सरकार असतं, ते आपल्या माणसांचा जीव आधी पाहणार. मीही तेच केलं असतं. म्हणूनच हे काम तिथे नको.

पाणंद:
हा घाव खरा आहे, मान्य. पण यात चूक कोर्टाची की माफी देणाऱ्या सरकारची? खटल्यातून जे नोंदलं गेलं ते अदलाबदलीने पुसलं जात नाही. १९८८ ची हत्याकांडं पहिल्यांदाच कोर्टाच्या निकालात आली. यावर उपाय कायद्यात करता येईल: अशा गुन्ह्यात माफी देण्याआधी पीडितांचं म्हणणं ऐकणं बंधनकारक करा.

वाटसरू:
मला दुसरीच गोष्ट खटकते. कोब्लेंझचा खटला जर्मन भाषेत चालला. ज्यांच्या देशाबद्दल तो होता त्या अरबी पत्रकारांना भाषांतर ऐकायलाच मिळत नव्हतं. ऑगस्ट २०२० मध्ये घटनात्मक न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला, तेव्हा कुठे अधिस्वीकृत पत्रकारांची सोय झाली. न्याय सीरियनांसाठी होता की जर्मनांच्या समाधानासाठी?

दीपमाळ:
म्हणूनच मला हिसेन हाब्रेचा खटला जास्त महत्त्वाचा वाटतो. चाडचा हा हुकूमशहा १९९० मध्ये सेनेगलला पळाला. तुरुंगातून सुटलेल्या सुलेमान गेंगेंग नावाच्या हिशेबनिसाने ७९२ जणांच्या कैफियती गोळा केल्या. सेनेगलच्या कोर्टांनी आधी हात वर केले. बेल्जियमने सेनेगलला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. २०१२ मध्ये आदेश आला, खटला चालवा नाहीतर त्याला ताब्यात द्या. मग डाकारमध्ये आफ्रिकन युनियनसोबत खास न्यायपीठ बसलं आणि ३० मे २०१६ रोजी जन्मठेप झाली. एका आफ्रिकी देशाने दुसऱ्या आफ्रिकी देशाच्या माजी राष्ट्राध्यक्षाला शिक्षा केली! हे युरोपचं दान नव्हतं. पीडित मागे लागले म्हणून झालं.

कातळ:
'माजी' हा शब्द तुम्हीच लिहिलात. पदावरच्याला हात लावता येत नाही. फ्रान्सच्या न्यायाधीशांनी २०२३ मध्ये सीरियाच्या असदविरुद्ध वॉरंट काढलं, ते २०२५ मध्ये सर्वोच्च कोर्टाने रद्द केलं, कारण वॉरंट निघालं तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष होता.

पाणंद:
पण त्याच कोर्टाने हेही सांगितलं की तो आता पदावर नाही, नवं वॉरंट काढायला वाट मोकळी आहे.

वाटसरू:
डिसेंबर २०२४ मध्ये असदची सत्ता गेली. आता हे खटले दमास्कसलाच चालवावेत, तिथल्या लोकांना कळेल अशा भाषेत. जर्मनीने पुरावे द्यावेत, आरोपीही द्यावेत.

दीपमाळ:
पुरावे जरूर द्यावेत. आरोपी इतक्यात नाही. तिथे फाशी आहे, आणि फाशीची शक्यता असेल तर जर्मनी कुणालाच सोपवत नाही. दमास्कसच्या कोर्टांची घडी बसेपर्यंत कोब्लेंझसारखी कोर्टं चालूच राहायला हवीत.

कातळ:
घडी बसली की नाही हे ठरवणार कोण, बर्लिन? माझा आक्षेप तिथेच आहे.