मदत हवी: शनिवारी गावात माहितीपट दाखवायचाय, कोणता घेऊ? (लवकर सांगा)

मांजराकाठ
वाचनालयाच्या अंगणात शनिवारी माहितीपट दाखवायचं ठरलंय. सरपंचांना हो म्हणून बसलोय आणि तीन दिवस झाले, ठरंनाच गेलंय. मी जाणकार नाही. रात्री जेवणं झाली की मोबाईलवर बघतो, चार-पाच वर्षांची सवय. मनात तीन आहेत: 'हनीलँड', 'माय ऑक्टोपस टीचर', 'कटियाबाज'. तिन्हींवर जीव आहे. एकच सांगा. दुष्काळावरचं सुचवू नका. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

गोदातीर
बघणार कोण? किती वेळ आहे? हे सांगितल्याशिवाय काय सुचवणार?

जुनी टॉकीज
माहितीपट म्हटलं की मला फिल्म्स डिव्हिजन आठवतं. माहितीपट काढणारी सरकारी संस्था, 1948 ची. आमच्या वेळी सिनेमाच्या आधी त्यांचं रीळ लागायचंच, सक्ती होती. लोक तेवढ्यात शेंगा आणायला जायचे, मी जागचा हलायचो नाही. कुठलं धरण, कुठले विणकर, सगळा देश मी त्या दहा-पंधरा मिनिटांत बघितला. 2022 ला ती संस्था एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन केली, तेव्हा घरातलं माणूस गेल्यागत वाटलं.

गोदातीर
मामा, त्याला शनिवारचं पाहिजे.

शाहिराचा नातू
'जय भीम कॉम्रेड' लावा. आनंद पटवर्धन, 2011. 1997 चा मुंबईतल्या रमाबाई नगरचा पोलीस गोळीबार, त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला, तिथून पुढं चौदा वर्षं चित्रीकरण चाललं. गाणी आपली, माणसं आपली. खाली ओळी वाचत बसायची गरज नाही.

बालाघाटी
तीन तासांच्या वर आहे तो. सतरंजीवर कोण बसणार?

शाहिराचा नातू
रात्रभर भारूड ऐकणारी गावं आहेत आपली. तीन तासांचं काय घेऊन बसलात!

बालाघाटी
भारुडात मधून उठून चहा पिता येतो. माहितीपटात दहा मिनिटं चुकली की धागा तुटतो. चांगलाच आहे, पण गावाचा पहिलाच कार्यक्रम आहे त्यांचा.

वायरमन
प्रोजेक्टर घेताना ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघा. पडद्याला सुरकुती नसावी, खालून काठी ओवा.

मांजराकाठ
प्रोजेक्टर शाळेचा मिळालाय, ते नाही विचारलं. बघायला सगळेच येणार: पोरं, बचत गटाच्या बाया, माझी आजी. आजीला वाचता येत नाही. दहाला लाईट जाते, म्हणजे आठ ते साडेनऊ.

गोदातीर
हे आधी सांगायचं ना भाऊ! मग 'कटियाबाज' गेला. हिंदी आहे, कानपूरची वीजचोरी, आकडे टाकणारा लोहा सिंग, गावाला लगेच कळेल. पण त्यात शिव्या आहेत. आजी आणि पोरं एका सतरंजीवर असताना नको.

बोरीची सावली
मी 'हनीलँड' म्हणीन, आणि का ते सांगते. उत्तर मॅसिडोनियातलं लाईट नसलेलं ओसाड गाव, हातिजे नावाची बाई, अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. ती मध काढताना अर्धा मधमाश्यांना ठेवते, अर्धा आपण घेते. शेजारी एक कुटुंब गुरंढोरं घेऊन येतं, तेही मधमाश्या पाळतं. व्यापारी त्या कुटुंबातल्या बापाला म्हणतो, सगळा मध काढ. तो काढतो. मग त्याच्या माश्या हातिजेच्या माश्यांवर तुटून पडतात. मी हे बघताना आमच्या शिवारातले बोअर मोजायले. एकानं चारशे फूट पाडला की शेजारी सहाशे पाडतो, आणि जुन्या विहिरी कोरड्या. दुष्काळ नको म्हणालात, बरोबर. या माहितीपटात तो शब्द कुठंच नाही, तरी आमच्या बायांना एका दमात कळेल.

बालाघाटी
ताई, तो तुर्कीत आहे. आजींना कसा कळणार?

बोरीची सावली
एकानं माईक धरून मराठीत सांगायचं. आमच्या शाळेत 'द एलिफंट व्हिस्परर्स' असाच दाखवला. मूळ तमिळ, चाळीसेक मिनिटांचा. बोम्मन आणि बेल्ली हत्तीच्या पिल्लाला लेकरासारखं वाढवतात. सांगणाऱ्यानं दर वाक्याला बोलायचं नाही, तेवढी काळजी घ्या. आमच्या मास्तरांनी हत्ती अंघोळ करतो तेही सांगितलं.

गोदातीर
परवानगीचं काय केलं? घरच्या सबस्क्रिप्शनवर गावाला दाखवता येत नाही. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या काही माहितीपटांना शिक्षणासाठी, तिकीट न लावता, एकदा दाखवायची मुभा असते. नियम वाचून घ्या. 'हनीलँड'साठी वितरकांना लिहावं लागेल.

मांजराकाठ
हे डोक्यातच आलं नव्हतं. वितरकांना आजच लिहितो, पण शनिवारपर्यंत उत्तर येईल असं वाटत नाही. मग शनिवारी 'ऑक्टोपस', तो नेटफ्लिक्सचाच आहे. मुभा असलेल्यांत तो आहे का ते आत्ताच तपासतो. दीड तासाच्या आत बसतो, आणि शार्कनं तोडलेला ऑक्टोपसचा हात परत उगवतो तिथं पोरं उभी राहतील. माईकवर माझी चुलत बहीण, ती हळू बोलते. ताई, 'हनीलँड'चं जमलं की तारीख कळवतो, तुमच्या बाया घेऊन या.

शाहिराचा नातू
आणि 'जय भीम कॉम्रेड' दोन रात्रींत विभागून लावा. वितरकांना लिहिताना त्याचंही विचारून घ्या.

जुनी टॉकीज
सुरुवातीला लाऊडस्पीकरवर दवंडी द्या. आमच्या टॉकीजची रिक्षा गावभर फिरायची.