जुनी ऑक्टाव्हिया आरएस की २०१८ ची आरएस २३०? बाबांसाठी घ्यायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी, छत्रपती संभाजीनगरहून लिहितोय. दोन गाड्या बघून ठेवल्यात. दोन्ही स्कोडाच्या, दोन्ही ऑक्टाव्हिया, पण मध्ये तेरा वर्षं गेलेली. एक २००५ ची आरएस (म्हणजे ऑक्टाव्हियाचं जास्त ताकदीचं, स्पोर्टी मॉडेल), जालन्यात एका बियाणे व्यापाऱ्यांकडे. दुसरी २०१८ ची आरएस २३०, पुण्यात.

बाबा शेंद्र्याच्या कारखान्यात होते. २००१ मध्ये तिथे ऑक्टाव्हिया बनायला लागली तेव्हापासून दारं बसवण्याच्या कामावर. इतक्या वर्षांत आमच्या दारात ऑक्टाव्हिया कधी उभी राहिली नाही. ते आता निवृत्त झालेत, म्हणून हा घाट घातलाय.

जुनीला १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, चार सिलिंडरला वीस व्हॉल्व्ह, ताकद १५० पीएस, ओढ (टॉर्क) २१० एनएम, पाच हाताने टाकायचे गिअर. युरोपातल्या आरएसला तेव्हा १८० पीएस होते, आपल्याकडे १५० चीच आली. आरएस २३० ला दोन लिटरचं टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, २३० पीएस, ३५० एनएम, सहा गिअरचा डीएसजी (क्लच दाबावा न लागणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आणि शून्य ते शंभर ६.८ सेकंदांत. नुसते आकडे बघायचे तर प्रश्नच नाही, आणि मी तसं जवळजवळ ठरवलंही होतं.

मागच्या रविवारी बाबांना घेऊन जालन्याला गेलो. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं, लावलं, परत उघडलं. खाली वाकून बिजागरीच्या बोल्टवरून अंगठा फिरवला. बोल्टवरचा रंग जसाच्या तसा होता. "हे दार कुणी उतरवलेलं नाही," एवढंच म्हणाले. मग गाडी चालवली. तिसऱ्या गिअरला आरपीएमचा काटा दोन हजारांच्या पुढे गेला, टर्बोने ओढ घेतली आणि बाबा लहान पोरासारखे हसले. तेव्हापासून माझं काही ठरेना.

अडचण त्यांच्या डाव्या गुडघ्याची आहे. बहीण चाळीसगावला दिलीय, महिन्याला एक चक्कर असते. कन्नडच्या घाटात गाड्यांची रांग लागली की क्लच दाबून दाबून पाय भरून येतो. तिथे डीएसजी सोयीचा. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, त्यामुळे २३० पीएस तिथे तरी कितपत कामी येतील, हाही विचार मनात येतो.

ज्यांनी जुनी आरएस सांभाळलीय त्यांनी कृपया सांगा: टायमिंग बेल्टसोबत वॉटर पंप बदलावाच लागतो, हे मला माहीत आहे, पण टर्बो आणि व्हॅक्यूमच्या नळ्या आज कुठून मिळवता? संभाजीनगर-जालन्यात वीस व्हॉल्व्हच्या इंजिनात हात घालणारा भरवशाचा मिस्त्री आहे का? पंधरा वर्षांवरच्या गाडीचं दर पाच वर्षांनी पासिंग करताना कशावर अडवतात?

पुण्याची गाडी ७१ हजार चाललीय. डीएसजीचं तेल ६० हजारांना बदलायला हवं, त्याचं बिल मालकांकडे नाही. अशी गाडी चालवून बघताना गिअरबॉक्स कसा पारखायचा? थंड असताना की तापल्यावर?

एक गोष्ट खास विचारायची आहे. गुडघा दुखत असूनही घरातल्या वडीलधाऱ्यांनी हट्टाने गिअरची गाडी चालवली, असं कुणाकडे झालंय का? निभलं का त्यांना? बाबा स्वतःहून काही बोलत नाहीत. जालन्याचे ते व्यापारी काका सोमवारपर्यंत गाडी धरून ठेवतो म्हणालेत.