मदत हवी आहे: दिव्यांग रुग्णांशी कसं वागावं, हे स्टाफला शिकवायचंय

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात सिस्टर आहे. गेल्या महिन्यात एक आई तिच्या एकोणीस वर्षांच्या ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलाला घेऊन आली. तो बोलत नाही, सारखा स्वतःच्या गालावर बुक्क्या मारत होता. आम्ही चौघांनी धरून बीपी घ्यायचा प्रयत्न केला, तो आणखी बिथरला. ‘यांचं असंच असतं’ म्हणून झोपेचं औषध लिहून दिलं गेलं. आईच म्हणाली, एकदा तोंडात बघा ना. दाढेत पू झाला होता. बीपीचा पट्टा आधी आईच्या दंडाला बांधून दाखवला, तर त्यानं स्वतःहून हात पुढे केला! तो हात डोळ्यांसमोरून जात नाही.

नर्सिंगला आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर डॉक्टर-नर्सच्या अभ्यासक्रमात हा विषय घ्यावा असं स्पष्ट आहे.

आता सिस्टर, वॉर्डबॉय, केसपेपरवाले अशा पंधरा जणांसाठी दोन तासांचं सत्र घ्यायला सरांनी परवानगी दिली आहे. मराठीत चित्रांचे तक्ते कुणाकडे आहेत का? न बोलणाऱ्या रुग्णाच्या वेदना ओळखायची साधी पद्धत हवी आहे. आणि मुख्य म्हणजे, शिकवायला एखादी आई किंवा स्वतः दिव्यांग व्यक्ती आली तर फार बरं होईल. त्यांना मानधन किती द्यावं? असं सत्र कुणी घेतलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.